व्हॅक्सिन डेपो ते स्निग्ध पुटिका : लसीच्या वाहनाची कथा

अनगोळच्या जुन्या घरांतील मंडळींना व्हॅक्सिन डेपो कोठे आहे हे सांगावे लागत नाही. टिळकवाडीतील ते झाडीने वेढलेले विस्तीर्ण मैदान सकाळी फिरावयास जाणाऱ्यांचे, सुट्टीत क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचे आणि सभा-मेळाव्यांचे. सीमाप्रश्नाच्या छायेत वाढलेल्या आमच्या पिढीला ते महामेळाव्याचे मैदान म्हणूनही परिचित आहे. मात्र त्या नावातील पहिल्या शब्दाकडे आमचे लक्ष कधी फारसे गेले नाही. लहानपणी तर आम्ही 'डेपो' म्हणजे एस.टी.चा डेपो समजत असू, आणि येथे गाड्या का दिसत नाहीत याचे नवल करीत असू.

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कोव्हिशील्ड लसीच्या पेट्या घेऊन वाहन बेळगावात आले आणि त्या पेट्या याच डेपोतील शीतगृहात उतरल्या. उत्तर कर्नाटकातील जिल्ह्यांना येथून पुरवठा व्हायचा होता. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, पेट्यांची पूजा झाली, आणि 'व्हॅक्सिन' या शब्दाला आमच्या लेखी प्रथमच अर्थ प्राप्त झाला. त्या निमित्ताने जे थोडे वाचन घडले, त्यातून एक गोष्ट मनात ठसली. लस शोधणे हे एक काम आहे, आणि ती जिवंत वा शाबूत स्थितीत योग्य जागी पोहोचविणे हे अगदी निराळे काम आहे. इतिहासात पहिल्या कामाचे गोडवे गाइले जातात. दुसऱ्या कामाने मात्र अनेकदा अधिक घाम काढला आहे. या दुसऱ्या कामाचा एक टप्पा आपल्या टिळकवाडीत पार पडला आणि अगदी अलीकडचा एक टप्पा पुण्यास हिंजवडीत. म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ देवीच्या रोगापासून करणे क्रमप्राप्त आहे. आपल्याकडे 'देवी आल्या' असे म्हणत. घरात सोवळे पाळले जाई, दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे, रोग्याच्या अंथरुणावर कडुलिंबाची पाने पसरली जात. एडवर्ड जेन्नर याने गायीच्या देवीचा पू माणसास टोचून या रोगापासून रक्षण करता येते असे १७९६ साली दाखविले. पण तो पू इंग्लंडातून हिंदुस्थानात आणावा कसा? दोऱ्यात भिजवून वा काचांमध्ये वाळवून पाठविलेली लस उष्ण समुद्रावरील दीर्घ प्रवासात निकामी होई. अखेर तिने माणसाच्या दंडावरूनच प्रवास केला. व्हिएन्नाहून निघालेली लस बगदाद व बसरा येथे एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी चालवत आणली गेली, आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. या देशातील ती पहिली यशस्वी लसटोचणी. त्या मुलीच्या दंडावरील फोडातून पुढे मुंबईतील इतर मुलांना, आणि तेथून देशभर लस गेली. स्पेनच्या राजाने १८०३ साली अमेरिका खंडाकडे लस पाठविली तेव्हा तर जहाजावर बावीस अनाथ मुले घेतली होती. दर काही दिवसांनी त्यांतील दोघांना टोचायचे, म्हणजे बंदर येईपर्यंत फोड ताजा राही. लसीचे पहिले वाहन असे हाडामांसाचे होते!

या दंडावरून दंडावर चालणाऱ्या पद्धतीत दोष पुष्कळ होते. एकाच्या अंगातील दुसरा रोग दुसऱ्याला जडे. शिवाय कोणाच्या अंगातले पाणी कोणाच्या अंगात, हा प्रश्न आपल्या समाजात लहान नव्हता. पुढे वासरांच्या व रेडकांच्या कातडीवर लस वाढविण्याची रीत आली आणि माणसाच्या मध्यस्थीची गरज संपली. मुंबई इलाख्याच्या काळात बेळगावास उभी राहिलेली लससंस्था याच कामासाठी होती. जनावराच्या पोटाची वा कुशीची कातडी तासून त्यावर बीज लावायचे, फोड पिकले की तो लगदा खरवडून काढायचा, ग्लिसरीनमध्ये घोटायचा आणि नळ्यांत भरून रवाना करायचा, असा एकंदर उद्योग. ग्लिसरीनमुळे लगद्यातील इतर जंतू मरत व लसीचा अंश टिके. परंतु उन्हाळ्यात खानदेशात किंवा विजापुराकडे ती नळी पोहोचेपर्यंत तिच्यात दम किती उरे, हा प्रश्न होताच. गावोगावी फिरणाऱ्या 'देवी डॉक्टर'ची टोचणी ज्यांना लागली नाही, त्यांच्यापैकी कित्येकांची लस वाटेतच मेलेली असे.

या दुखण्यावर उपाय सापडला तो १९५० नंतरच्या दशकात. लंडनच्या लिस्टर संस्थेतील लेस्ली कॉलियर यांनी लस गोठवून, निर्वात पात्रात तिच्यातील बर्फ परस्पर वाफेच्या रूपाने काढून टाकण्याची कृती बसविली. उरणारी कोरडी भुकटी शरीराच्या उष्णतेइतक्या तापमानातही महिनोन्‌महिने टिके. टोचतेवेळी द्रव घातला की लस पुन्हा तयार. भारतात १९६२ साली देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आरंभी सोव्हिएत रशियाने अशी सुकी लस मोठ्या प्रमाणावर दिली, आणि पुढे ती देशातच होऊ लागली. देशात ती बनविणाऱ्या संस्था चार : उत्तर प्रदेशातील पटवाडांगर, मद्रासजवळील गिंडी, हैदराबाद आणि बेळगाव. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यासोबत ही संस्थाही गेली. त्या दिवसाबद्दल आमच्या घरांत अजूनही काय बोलले जाते ते वाचक जाणतात. परंतु लसीच्या नळीला राज्याची सीमा नसते, आणि बेळगावची सुकी लस ज्या गावांत गेली त्यांत सीमेच्या दोन्ही अंगांची गावे होती, हेही नमूद केले पाहिजे. भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने साऱ्या जगातून हा रोग गेल्याचे जाहीर केले. आमच्या वयाच्या माणसांच्या दंडावरील वण ही त्या उद्योगाची अखेरची पावती.

एका पेशीच्या दृष्टीने पाहिले तर देवीच्या लसीला वाहनाची चिंता नव्हती. ती लस म्हणजे जिवंत विषाणू, आणि विषाणू हा मुळातच पेशीत शिरण्यात वाकबगार. त्याच्याजवळ स्वतःचे आनुवंशिक द्रव्य असते, ते गुंडाळलेले कवच असते, आणि पेशीचे दार उघडण्याची युक्तीही असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञांना असा प्रश्न पडला, की विषाणू न वापरता केवळ आनुवंशिक द्रव्यच पेशीत पोहोचविता येईल काय? पेशीला हवी ती आज्ञा लिहून द्यावी आणि तिने आपणहून हवे ते प्रथिन बनवावे. कल्पना मोहक होती, पण अडचण वाटेतच होती. डीएनए असो वा आरएनए, ते लांबलचक, ऋणविद्युत्‌भारित रेणू. पेशीचे आवरण स्निग्ध, आणि त्याचा पृष्ठभागही ऋणभारितच. ते एकमेकांना दूर लोटतात. आरएनए तर इतके नाजूक की रक्तातील विकर त्याचे क्षणार्धात तुकडे करतात.

यावरील उत्तराचे मूळ एका अगदी वेगळ्या कामात आहे. इंग्लंडमधील बॅब्रहॅम येथील संस्थेत ॲलेक बॅंगहॅम हे रक्त गोठण्याच्या संदर्भात लेसिथिन या स्निग्ध द्रव्याचा अभ्यास करीत होते. अंड्याच्या बलकात हे लेसिथिन विपुल असते. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी व रॉबर्ट हॉर्न यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा पाण्यातील लेसिथिनने आपोआप बंद पिशव्या बनविलेल्या दिसल्या. पोटात पाणी, भोवती स्निग्ध भिंत. असे का घडते, हे समजण्यास पंगत डोळ्यांपुढे आणावी. लेसिथिनच्या रेणूचे डोके पाण्याला जवळ करते आणि शेपटी पाण्याला टाळते. म्हणून हे रेणू पाण्यात पाठीला पाठ लावून दोन रांगांत बसतात. डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे आणि शेपट्या मधल्या कोरड्या भागात. रांगेची टोके उघडी राहिली तर तेथे शेपट्यांना पाणी लागते, म्हणून रांग वळून स्वतःलाच मिळते आणि गोल पिशवी होते. आपल्या प्रत्येक पेशीचे आवरण याच रीतीने बनलेले आहे. सहकारी गमतीने या पिशव्यांना बॅंगहॅम यांचेच नाव जोडीत. १९६८ साली जेराल्ड वाइसमन यांनी सुचविलेले 'लायपोसोम' हे नाव रूढ झाले. मराठीत आपण तिला स्निग्ध पुटिका म्हणू.

पेशीची भिंत जशी, तशीच ही पिशवी, मग हिच्या पोटात काही भरले तर ती पेशीत ओतणार नाही काय? हा विचार त्यानंतर अनेकांना सुचला. १९७८ साली अशा पुटिकांतून संदेशवाहक आरएनए पेशींत पोहोचविल्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि पेशींनी तो संदेश वाचून प्रथिनही बनविले. पण पिशवीत शिरणारे द्रव्य थोडे, वाया जाणारे फार. १९८७ साली कॅलिफोर्नियातील सिंटेक्स कंपनीत फिलिप फेल्गनर यांनी डाव उलटा टाकला. द्रव्य पिशवीत कोंबण्याऐवजी त्यांनी धनभारित स्निग्ध रेणू तयार केला. तो ऋणभारित डीएनएला आपोआप चिकटे आणि ऋणभारित पेशीलाही. नुसते मिसळावे आणि पेशींवर घालावे. जगातील प्रयोगशाळांत ही रीत झपाट्याने पसरली, ती आजही वापरात आहे. परंतु काचेच्या बशीतील पेशी वेगळ्या आणि जिवंत शरीर वेगळे. सतत धनभारित राहणारे हे रेणू रक्तात गेले की रक्तातील प्रथिनांना चिकटतात आणि पेशींना अपाय करतात.

येथे कॅनडातील व्हँकूव्हर येथील पीटर कलिस आणि त्यांच्या परिवाराचे काम निर्णायक ठरले. त्यांनी व इतरांनी असे स्निग्ध रेणू विकसित केले की जे रक्तात भाररहित असतात, पण आम्ल लागताच धनभारित होतात. पेशी जेव्हा असा कण गिळते, तेव्हा तो प्रथम एका छोट्या थैलीत बंद होतो. ही थैली हळूहळू आम्लयुक्त होत जाते. तिचे काम आलेल्या पाहुण्याला पचविण्याचे. नेमक्या त्या आम्लात कणातील रेणू जागा होतो, धनभार घेतो, थैलीची भिंत फोडतो आणि आरएनए बाहेर पेशीद्रव्यात पडतो. शत्रूचेच शस्त्र त्याच्यावर उलटविण्याची ही रीत आम्हांस फार आवडली. तरीही निसटणारा भाग शंभरात एखाद-दुसराच असतो, उरलेले सारे पेशी पचवून टाकते. आधुनिक कणात असे आम्लजागृत रेणू, त्यांच्या जोडीला लेसिथिनचेच भाईबंद, भिंतीला घट्टपणा देणारे कोलेस्टेरॉल, आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बाहेरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे केस, अशी चार द्रव्ये असतात. व्यास सुमारे शंभर नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहाहजारावा हिस्सा. अशा कणांतून आरएनए देणारे पहिले औषध, एका आनुवंशिक मज्जातंतुरोगावरचे, अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये मान्य झाले. दोन वर्षांनी महासाथ आली तेव्हा वाहन दाराशी उभे होते. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ साली आरएनएची अक्षरे किंचित बदलून शरीराचा त्यावरील रोष कमी केला होता, त्याबद्दल त्यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते योग्यच आहे. पण पत्राला मान मिळाला आणि पोस्टमन दारात उभाच राहिला, असे आम्हांस राहून राहून वाटते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. स्निग्ध पुटिका मराठी माणसाला २०२१ मध्ये प्रथम भेटली असे समजणे चूक ठरेल. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्लीचे जीवरसायनशास्त्रज्ञ बिमलकुमार बच्छावत यांच्या सहकार्याने ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक औषध लायपोसोमात बसविण्याचे काम विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतच केले होते. हे औषध गुणकारी, पण मूत्रपिंडांना घातक. स्निग्ध पिशवीत गुंडाळले की ते मूत्रपिंडांना कमी छळते आणि बुरशीवर मात्र चालून जाते. रुग्णांवर चाचण्या होऊन हे देशी औषध 'फंजिझोम' या नावाने बाजारात आले. या पिशवीत आनुवंशिक द्रव्य नव्हते, साधे औषध होते. परंतु पिशवी बनविण्याची, ती एकसारख्या आकाराची ठेवण्याची आणि जंतुरहित भरण्याची विद्या येथे रुजली.

त्या विद्येची किंमत मे २०२१ मध्ये कळली. कोरोनातून उठलेल्या रुग्णांना काळ्या बुरशीने गाठले. डोळा, जबडा, मेंदू असा तिचा घास. लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन हे त्यावरील प्रमुख औषध, आणि ते देशभर मिळेनासे झाले. आमच्या परिचयातील एका घरातील मुले एका कुपीसाठी कोल्हापूर, सांगली, गोवा असे फोन करीत होती. 'लायपोसोमल' हा शब्द त्या घरातील आजींनाही पाठ झाला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने ॲम्फोटेरिसिनचे स्निग्ध इमल्शन तयार करण्यास आरंभ केला, आणि बाजारात सात हजारांच्या घरात असलेल्या औषधाला सुमारे बाराशे रुपयांचा पर्याय उभा राहिला.

लसींच्या बाबतीत मात्र आरएनए आपल्या दंडात आला नाही. वाचकांपैकी बहुतेकांनी घेतलेली कोव्हिशील्ड आनुवंशिक द्रव्यच पेशीत नेते, पण ते डीएनए असते आणि वाहन असते चिंपांझीच्या एका सर्दीच्या विषाणूचे, वाढ खुंटविलेले कवच. दुसरी लस कोव्हॅक्सिन. तिच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत २०२० साली बेळगावच्या जीवनरेखा रुग्णालयाचाही सहभाग होता. ती म्हणजे मारलेला अख्खा विषाणू, जुन्या परंपरेतील. फायझरने डिसेंबर २०२० मध्ये भारतात अर्ज केला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेतला. मॉडर्नाला जून २०२१ मध्ये परवानगी मिळूनही तिच्या कुप्या लोकांपर्यंत आल्या नाहीत. नुकसानभरपाईच्या अटींवरून गाडे अडले हे खरे, पण दुसरीही एक अडचण कोणाच्याही ध्यानात येण्याजोगी होती. फायझरची लस आरंभी उणे ७० अंशांत ठेवावी लागे. आमच्या अनगोळात उन्हाळ्यात वीज गेली की घरातील दूध उतू जाण्याऐवजी नासते. तेथे उणे ७० अंशांचे नाव काढणेही थट्टाच. ग्लिसरीनच्या नळीची जुनीच व्यथा नव्या रूपात परत आली होती. संदेश उत्तम, वाहन नाजूक.

पुण्याच्या हिंजवडीतील जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स या कंपनीने याच जागी हात घातला. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साह्याने आणि अमेरिकेतील सिएटल येथील एचडीटी बायो कंपनीच्या सहकार्याने तिने काम सुरू केले. या अमेरिकन कंपनीच्या तंत्रात पिशवीऐवजी तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात, आणि आरएनए थेंबाच्या पोटात न जाता त्याच्या अंगाला बाहेरून चिकटतो. पुण्यातील लस, जेमकोव्हॅक-१९, जून २०२२ च्या अखेरीस अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी मान्य झाली. ही भारतात बनलेली पहिली संदेशवाहक आरएनए लस. आमच्या मते तिचे खरे वैशिष्ट्य हे की ती गोठवून सुकविलेली भुकटी आहे, आणि २ ते ८ अंश सेल्सियसला, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यातील साध्या लस-फ्रिजमध्ये राहते. बेळगावच्या डेपोत अर्ध्या शतकापूर्वी जी युक्ती जनावराच्या कातडीवरील लगद्याला लावली गेली, तिचीच धाकटी बहीण येथे दिसते. दोन्ही ठिकाणी पाणी काढून टाकले की काळ थांबतो.

दुर्दैव इतकेच की ती उशिरा आली. जुलै २०२२ च्या मध्यास देशात दोनशे कोटी मात्रा टोचून झाल्या होत्या, लोकांच्या मनातून भीती ओसरली होती, आणि तिसरी मात्रा घेण्याचा उत्साहही मावळला होता. ही लस फारशा दंडांपर्यंत पोहोचलीच नाही. काहींना हे अपयश वाटते. आम्हांस तसे वाटत नाही, कारण कारखाना, हात आणि कसब मागे उरले. पुढील वर्षी, जून २०२३ मध्ये, ओमायक्रॉनसाठी बेतलेली जेमकोव्हॅक-ओएम आली. तिच्यातील आरएनए पेशीत गेल्यावर स्वतःच्या प्रती काढतो, त्यामुळे थोडक्यात भागते. तिच्या चाचणीचा अहवाल २०२४ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या दुसऱ्या लसीला सुई लागत नाही. एका छोट्या यंत्रातून द्रवाची बारीक धार जोराने सुटते आणि लस दंडाच्या स्नायूत न जाता कातडीच्याच थरात राहते. देवी डॉक्टरनेही कातडीच्या त्याच थराला ओरखडा काढला होता, आणि आमच्या डाव्या दंडावर तेथे अजून वण आहे.